वारं न शिरणारी गाडी

आमच्या मालकांच्या, भाऊसोंच्या गाडीत मी कवा उन्हाळा शिरू दिला न्हाई आणि हिवाळाबी न्हाई. फुशारकी न्हाई मारत, अख्ख्या साताऱ्यात कुणालाबी इचारा. चैत-वैशाखात खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधायचो, वाटंत घागरीतलं पाणी त्यांच्यावर मारायचो, आत बसलेला माणूस गारव्यानं घोरायला लागायचा. थंडीत दारांच्या फटीत माधवनगरच्या गिरणीतला टाकाऊ कापूस ठासायचो, बुडाच्या पत्र्याची भोकं डांबरानं बुजवायचो. दुसरे ड्रायवर म्हणायचे, "चांदसाहेब, गाडी हाय का तिजोरी?" मी म्हणायचो, "जळा लेको!" लय घमेंड हुती मला.

त्रेचाळीस सालचा पौष. साताऱ्यात थंडी अशी, की सकाळी पाण्यात हात घालवत नव्हता. भाऊसोंचा धाकटा भाऊ जोतीराम पलटणीत हुता आणि पलटण लढाईला दर्यापार निघाली हुती. जायच्या आदी दोन दिवसांची रजा मिळाली. त्येची बायको अंजना माहेरी, सांगलीजवळ माधवनगरला, नुकतीच बाळंत झालेली. पोरगं तेरा दिवसांचं. इकडं साताऱ्यात जोतीरामची आई अंथरुणाला खिळलेली. आईला सोडून सांगलीकडं जावं तर तिचं शेवटचं तोंड बघायचं राहणार, आईजवळ थांबावं तर पोराचं. भाऊसो मला म्हणाले, "चांदसाहेब, दोघांस्नी हिकडं घिऊन ये. पण पोराला वारं लागता कामा नये."

मी म्हणलो, "मालक, माज्या गाडीत वारं? काय बोलताय!"

पेट्रोलची कुपनं भाऊसोंनी कुठनं पैदा केली ती त्येंनाच ठावं. माधवनगरला पोचलो तर अंजनाची आई, राहीमावशी, दारातच डोळं पुसत उभी. "आवं, तेरा दिवसांची बाळंतीण एवढ्या थंडीत कुणी न्हेतं का?" तिचं खरंच हुतं. पण जोतीराम दुसऱ्या दिवशी जाणार, मग कवा बघणार पोराला? शेवटी तीबी लेकीसंगं निघाली. निघताना घरातनं शेगडी घिऊन आली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असतीच की. बाळंतीण बाजेवर काय आणि गाडीत काय, शेक चुकवायचा न्हाई, असं मावशीचं म्हणणं. मला तर बेस वाटलं. शेगडी पायांपाशी विटेवर ठिवली. काचा वर करून त्येंच्या कडंला कापूस ठासला. माज्यापुढची काच धुरकटायची म्हणून माजी खिडकी बोटभर उघडी ठिवावी लागायची, तर तेवढं वारंबी मागं जाऊ नये म्हणून मधी जाड घोंगडं टांगलं. मावशीनं निखाऱ्यावर ओवा टाकला. आत असा ऊबदार वास सुटला, की मलाच मागं जाऊन बसावंसं वाटलं.

अंजना हसून म्हणली, "चांदभाऊ, घरापरीस हितं बरं हाय."

काय सांगू, छाती फुगली माजी.

कऱ्हाडच्या अलीकडं घोंगड्यामागनं मावशीचा आवाज आला. "चांदा, थांबीव रं. डोकं फुटतंय माजं." गाडी थांबायच्या आत तिनं दार ढकललं, खाली उतरली आणि भडाभडा ओकली. दार सताड उघडंच. मी वराडलो, "आवं मावशी, दार! पोराला वारं लागंल!" पळत जाऊन दार लावलं. म्हणलो, "तुमाला गाडी लागली." जन्मात पयल्यांदा मोटारीत बसलेली बाई, दुसरं काय वाटणार? मोकळ्यावर तिला बरं वाटलं. म्हणली, "मी पुढं बसते, बाळालाबी घेते. तेबी मलूल दिसतंय." मी म्हणलो, "खुळ्या का काय! पुढं खिडकी उघडी हाय. आईच्या कुशीत गुमान झोपलंय, झोपू द्या. तुमी एकट्याच या पुढं." अंजना अर्धवट डोळं उघडून म्हणली, "मलाबी लय झोप यायला लागली."

शेगडी इजत आलीती. वाटंतल्या च्याच्या दुकानातनं मी सोता चिमट्यानं रसरशीत निखारं आणून तिच्यात भरलं.

साताऱ्यात दारात गाडी उभी केली तवा दिवस कलला हुता. जोतीराम पळत आला. त्येनंच मागलं दार उघडलं. पोरगं आईच्या छातीशी हुतं. गाल लालबुंद, झोपल्यावानी. जोतीरामनं त्येला उचललं, नि त्येचा हात लोंबला. अंजनाला बायांनी वट्यावर निजवली, पाणी मारलं. लय येळानं ती कण्हली. वाचली. पयला शबूद बोलली तो, "बाळ द्या."

अल्ला, तो आवाज मी इसरलेलो न्हाई.

सकाळी पोराला माती देऊन आल्यावर जोतीराम एकटाच गाडीपाशी आला. शेगडी अजून आतच हुती. तिच्याकडं बघत म्हणला, "चांदसाहेब, आमच्यात बंद तंबूत शेगडी पेटवली तर शिक्षा हाय. आमचं दोन जवान असंच झोपेत गेलं. निखाऱ्याचं इख असतंय, वास येत न्हाई." घरात वर कौलं असतात, फटीफटीतनं ते निघून जातं. माज्या गाडीत मी फट ठिवलीच कुटं हुती?

म्हणला, "वाऱ्यानं न्हाई गेलं पोर. आत्ता बोललो तर लोक तुला जित्ता सोडायचे न्हाईत. मी गेल्यावर, सगळी निवळली की, तूच सांग. सांगशील न्हवं?"

मी त्येच्या गळ्याची आण घेतली. संध्याकाळी तो गेला, आणि पुढल्या साली इटलीत पडला.

तिसऱ्याच दिवशी घरात बोलणं सुरू झालं. कऱ्हाडला दार उघडलं, तवाच वारं लागलं. मला इचारलं, "खरं काय रं?" मी म्हणलो, "दार उघडलं हुतं खरं." एवढंच म्हणलो. खोटं नव्हतं ना ते! त्या दिसापासनं अंजना आईशी बोलली न्हाई. राहीमावशीला लेकीचा उंबरा बंद झाला. दर दिवाळीला ती साताऱ्याला यायची, फराळाचा डबा माज्याजवळ द्यायची, आणि डबा तसाच माघारी जायचा. मीच न्हेऊन द्यायचो. दर खेपंला वाटायचं, आज सांगू. नोकरी हुती, बायकापोरं हुती, भाऊसोंचा राग माहीत हुता. भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो मी.

अशी वर्सामागनं वर्सं गेली. गेल्या महिन्यात निरोप आला, मावशी आजारी हाय. ठरवूनच गेलो माधवनगरला. हाडांचा सापळा झालीती. मी जवळ बसलो, म्हणलो, "मावशी, एक सांगायचंय." तिनं ऐकलंच न्हाई. माजा हात धरला, आणि रडायला लागली. "चांदा, तू एवढी गाडी बंदोबस्तात आणलीतीस. मी सटवीनं दार उघडलं. तुज्या गाडीला बट्टा लागला माज्यामुळं. मला माफ कर रं."

आणि मी, मुडदा बशीवला माजा, मी तिच्या हातावर हात ठिवून म्हणलो, "केलं माफ, मावशी."