डांबरावर रुसणारा ट्रक

इश्वरच्या ट्रकला वळण आवडेनासं झालं होतं. सरळ रस्त्यावर गाडी मुकाट चाले. वळण आलं की स्टेअरिंग असं जड होई, जणू आतून कुणी दोन्ही हातांनी धरून बसलंय. परवा तर गावाजवळच्या वळणावर ट्रक वळलाच नाही. सरळ गेला आणि शेताच्या बांधावर चढून थांबला. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या संध्याकाळी प्रविण बापाला म्हणाला, "बाबा, गाडी ठीक आहे. तुमचे हात थकले आता. चाबी मले द्या."

मिसरूड फुटल्यापासून इश्वरने स्टेअरिंगशिवाय दुसरं काही धरलं नव्हतं. त्याने चाबी खिशात घातली. मग म्हणाला, "गुलाब मिस्त्रीले दाखवू. गाडीत खोट नाही निघाली, तं चाबी तुही."

म्हणून सकाळीच तिघं लाखनीला, गुलाबच्या हायवेवरच्या गॅरेजात आले. तिसरी इश्वरची बायको, धुरपता. बापलेकांमध्ये बोलणारं कुणीतरी पाहिजे, म्हणून ती मधे बसली होती.

ट्रक फौजेच्या लिलावातला, जुना, चारही चाकांनी ओढणारा. उन्हाळ्यात बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, गाळ काढून धानाच्या बांध्यांत टाकायचा, तर असलाच ट्रक लागतो. साधा ट्रक बोडीत फसला की पोळ्यापर्यंत निघत नाही.

"काय गा इश्वरभाऊ, बैल मारका झाला म्हनते?" गुलाब मिस्त्री हसत ट्रकखाली शिरला. स्टेअरिंगचे दांडे हलवून पाहिले, चाकांची हवा तपासली, ग्रीस भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलली आणि एका बोटाने स्टेअरिंग फिरवलं. चाकं डावीकडे गेली, उजवीकडे गेली.

"पाहा. लोन्यावानी. काहीच खोट नाही जी."

प्रविण जमिनीकडे पाहत राहिला. त्या खाली घातलेल्या नजरेने इश्वरला जास्त लागलं. त्याने खिशात हात घातला, चाबी मुठीत धरली. काढणारच होता, पण मनात एक काटा अडकला होता, तो काही निघेना.

"गुलाब, एक सांग. हात थकले तं सगळीकडंच थकाले पाहिजे ना? बोडीत मी एका हातानं वळवतो. डांबर लागलं का वळत नाही. काहून?"

गुलाब हात पुसता पुसता थांबला. "बोडीत हलका?"

"फुलावानी."

निंबाखाली बसलेल्या धुरपताने पानाला चुना लावत सूर धरला. जात्यावर बसल्यासारखा, अर्धा स्वतःसाठीच.

"मातीत चाले मोरावानी, डांबरी रुसे पोरावानी,
सरळ धावे, वळता अडे, कोन्या घरचं कोडं पडे?"

"वयनी, तुमचं कोडं भारी आहे," गुलाब म्हणाला; पण आता त्याचे डोळे चमकत होते. हायवेचे ट्रक मागच्याच चाकांनी ढकलले जातात. त्याचा सारा हात त्यांच्यावर बसलेला; पुढच्या चाकांच्या ओढीचा विचार त्याला आधी सुचलाच नव्हता. "चाला भाऊ, मले बाजूले बसवा."

गॅरेजमागच्या नांगरलेल्या वावरात इश्वरने ट्रक गोल फिरवला. स्टेअरिंग हलकं. परत डांबरावर आणून तसाच वळवला. स्टेअरिंग दगड झालं, टायर किंचाळले, ट्रक अडखळत उड्या मारू लागला.

"थांबा, थांबा! हा तं सोताशीच भांडून राहिला." गुलाबने खाली उडी मारली. मागचे टायर नुकतेच घातलेले, नवे होते; पुढचे घासून गुळगुळीत. "असे काहून लावले?"

"बापानं शिकवलं. दोन जोड्या जुंपल्या तं थोराड जोडी धुरेले, गाडीजवळ, कमजोर पुढं. पुढच्याले कायचा जोर? वाट दाखवाची फक्त."

गुलाबने खडू आणला. मागच्या चाकावर खूण केली, खुणेपासून खुणेपर्यंत चाकाभोवती सुतळी फिरवली आणि घेर मोजला. मग पुढच्या चाकाचा मोजला. सगळे वाकून पाहत होते; धुरपताही पान तसंच हातात घेऊन उठून आली. पुढच्या चाकाची सुतळी चार बोटं कमी भरली.

"हेच! मागची जोडी लांब ढांग टाकते, पुढची आखूड, आन् दोघी एकाच जुवाले बांधल्या. मातीत चाक घसरते, भांडन मिटते. डांबर घसरू देत नाही. वळताना पुढच्या चाकाले लांबून जा लागते, तं भांडन आनखीच वाढते." गुलाबने गिअरशेजारच्या छोट्या दांड्याकडे बोट केलं. "डांबरावर हा दांडा टाकून पुढची जोडी मोकळी नाही करत का?"

इश्वरने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "जुंपलेला बैल अर्ध्या वाटंत कोन सोडते गा?"

"अरे बाप्पा!" गुलाबने कपाळावर हात मारला. "सोडा, सोडा त्याले."

इश्वरने दांडा ओढला. हलेना. प्रविण मदतीला धावला, तरी हलेना.

"जोर नका लावू. जरासा मागं घ्या, ताण सुटंल."

ट्रक हातभर मागे सरकला. पोटात कुठेतरी खट्ट झालं आणि दांडा आपसूक घसरत बाहेर आला. इश्वरने स्टेअरिंग फिरवलं. ते फिरलं. सोडलं, तर आपल्या आपण सरळ झालं. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा सोडलं.

"चारही टायर सारखे करा," गुलाबने बजावलं. "तोवर दांडा फक्त चिखलात."

"म्हंजे चूक तुमचीच होती, बाबा," प्रविण म्हणाला.

"माहीच गा!" इश्वर इतक्या आनंदाने ओरडला, की हायवेवरचा एक चहावाला वळून पाहू लागला. "पन डोक्याची! हाताची नाही!"

"लय शान्याचं काम केलं," धुरपता पुटपुटली आणि पान तोंडात टाकलं.

इश्वर खाली उतरला. दार उघडंच ठेवलं.

"प्रविण, बस. तू चालव. दांडा कुठं जोडाचा, कुठं सोडाचा, थे सांगतो."

"मंग चाबी?"

"चाबी माही. स्टेअरिंग आज तुहं."

प्रविण हसत वर चढला. पहिल्या वळणावर, स्टेअरिंग अजून जड असेल म्हणून, त्याने दोन्ही हातांचा जोर लावला आणि ट्रक इतक्या झटकन वळला, की धुरपताचा खांदा इश्वरवर आदळला. इश्वरने हात मांडीवरच ठेवले होते. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो चाकांचा आवाज ऐकत होता.