शेवटच्या हॉलची मधली फळी

या शहरातल्या स्केटिंगवाल्यांना स्केटिंग सोडून सगळं येतं, असं आत्याचं स्पष्ट मत होतं. आत्या म्हणजे हॉलवरची कोच. तिचा सख्खा भाचा कधीच स्केटिंग सोडून गेला, पण त्याची हाक सगळ्यांच्या तोंडी राहिली.

सिनेमागृहाच्या तळघरातली स्केटिंगची रिंक बंद झाली, तेव्हा मंडळी रडली. बेकरीच्या गच्चीवरची गेली, तेव्हाही रडली. गोदामातली गेली, तेव्हा तर स्केटिंग मंडळाच्या अध्यक्षांनी गळा काढून भाषण ठोकलं. त्याआधी वर्षभर यांच्यातला एकही तिकडे फिरकला नव्हता. निरोपाला मात्र सगळे झाडून हजर, आणि जाताना रिंकच्या जमिनीचा एक तुकडा उखडून आठवण म्हणून घरी. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात असे तुकडे काचेआड मांडून ठेवलेले होते. त्यांचे स्केट्स माळ्यावर गंजत पडले होते.

आता उरला होता एकच हॉल, आणि तोही विकायला निघालेला. आत्याने मालकाचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे तो म्हणाला, "रविवारी येतो. माणसं खेळताना दिसली, तर बघू."

आत्याने अभिमान गिळून एकेकाला फोन केले. "मालक बघायला येणारेत. फक्त या, चाकं पायात घाला आणि गोल फिरा. एवढं तरी जमेल ना?"

सगळे आले. आत्या फाटकाशी मालकाची वाट बघत थांबली. आतून ठोकाठोकी ऐकू येत होती. चाकं आवळत असतील बिचारे, असं वाटून तिला त्यांची पहिल्यांदाच माया आली.

मालकाला घेऊन ती आत शिरली आणि थिजलीच. लाकडी जमीन जागोजागी उखडलेली, लोकांच्या पायांत चपला, हातांत हातोड्या आणि काखेत फळ्या.

"अहो, हे काय मांडलंय?"

"निरोप!" अध्यक्ष म्हणाले. "मालक येणार म्हणजे हॉलला कुलूपच की! दरवेळी तेच झालंय. म्हटलं, ते यायच्या आत उरकून घ्यावं."

मालकाने खड्ड्यांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "मी हॉल राहू दे म्हणायलाच आलो होतो," एवढं बोलून तो आल्या पावली परत गेला.

अध्यक्षांनी एक फळी पुढे केली. "आत्या, अगदी मधली. खास तुमच्यासाठी राखून ठेवली."

शिव्या आत्याच्या ओठांवर आल्या होत्या, पण फळी हातात पडली आणि तिला रडूच कोसळलं.

मंडळी गहिवरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिचे फोटो काढले.