शेवटच्या बास्केटची नोंद

खरेपणा आणि खरेपणाचा लौकिक ही दोन भावंडे बहुधा एकाच घरात सुखाने नांदतात. परंतु एखादी संध्याकाळ अशी उगवते की, एकाला राखायचे तर दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर काढावे लागते. ज्याने जन्मभर दोघांनाही एका पंक्तीला जेवू घातले, त्याच्या जिवाची त्या वेळी जी तगमग होते, ती शास्त्र जाणणाऱ्यालाही सहज निवारता येत नाही.

सामना संपल्याची शिटी वाजली, तेव्हा खंडोजी मोहित्यांनी हातातली पेन्सिल अजून खाली ठेवली नव्हती. कानडी मुलखातल्या चामराजपेटच्या त्या मैदानावर दगडी पायऱ्यांवरचे प्रेक्षक उठून उभे राहिले होते. विजेची मोटारयंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या संघाने एकाच बास्केटने अंतिम सामना जिंकला होता. खंडोजी मात्र टेबलावरच्या गुणपत्रकाकडे पाहत होते. शेवटचे दोन गुण त्यांनी शिवाप्पाच्या नावापुढे मांडले होते, आणि ते शिवाप्पाचे नव्हते.

साल एकोणीसशे एकसष्ट. खंडोजी रेशमाच्या गिरणीत हजेरी मांडत आणि सुटीच्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यांत गुण लिहीत. कोणी किती बास्केट केले, कोणाचे किती फाउल झाले, यावर वाद उठला की पंच म्हणत, ‘‘खंडोजींना विचारा.’’ त्या दोन शब्दांवर त्यांनी आपले सारे आयुष्य तोलून धरले होते.

त्या वर्षी मोटारींच्या कारखान्याने खेळाच्या जोरावर बेळगावकडची दोन पोरे तात्पुरती कामावर घेतली होती, शिवाप्पा आणि ज्योतिबा. जागा एकच होती. स्पर्धेत ज्याच्या नावावर अधिक गुण, तो कायम होणार. दुसऱ्याने गावी परतायचे. अखेरच्या क्षणापर्यंत दोघे बरोबरीत होते. त्यातून ज्योतिबाशी खंडोजींच्या लेकीचे, कावेरीचे लग्न ठरलेले, नोकरी कायम झाल्यावर करण्याच्या बोलीने.

ही गोष्ट पायऱ्यांवरच्या टवाळांनाही ठाऊक होती. मघाशीच एक जण ओरडला होता, ‘‘अण्णा, जावयाला चार गुण हुंड्यात घाला की!’’ लोक हसले. खंडोजींचे कान तापले. त्याच तापात शेवटचा चेंडू बास्केटच्या कड्याखाली उडाला, दोघांचे हात एकदम वर गेले आणि चेंडू जाळीतून उतरला. ज्योतिबाच्या बोटांनी तो ढकललेला त्यांनी स्पष्ट पाहिला होता. तरीही हात शिवाप्पाच्या ओळीकडे गेला. पक्षपाताचे भय हाही एक पक्षपातच असतो, हे त्यांना पेन्सिल उचलल्यावर कळले.

आता दोन्ही कर्णधार सही करायला येत होते. सही झाली की पत्रक वज्रलेप. कोणालाही त्यात फेरफार करता येत नसे. खंडोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खुर्ची मागे सरकवली, पुढे ओढली. शिवाप्पाला नोकरी मिळाली तर आपला लौकिक उजळेल, उद्या सारी पेठ म्हणेल, जावई असूनही खंडोजी झुकला नाही. मोह किती सात्त्विक वेष घेऊन आला होता.

‘‘कुठे करू सही?’’ पाहुण्या संघाच्या कर्णधाराने विचारले.

‘‘स्वल्प थांबा,’’ खंडोजी म्हणाले. ‘‘माझ्या हातून चूक झालीय. शेवटचं बास्केट ज्योतिबाचं.’’

मग पायऱ्यांवरून एक लांबलचक हुंकार आला. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबाचे कार्यवाह श्रीधरराव वाकून हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘खंडोजी, लिहिलंय ते राहू द्या. लोक काय म्हणतील याचा विचार केलात का?’’

‘‘तेवढाच केला, राव. म्हणून तर चुकलो.’’

पंचांनी शिवाप्पाकडे पाहिले. ‘‘तुझा हात लागला होता का रे?’’

शिवाप्पा टॉवेलने मान पुसत राहिला. पंचांनी खांदे उडवले. ‘‘सरी, ठीक आहे. टेबलाचा शब्द अखेरचा.’’

खंडोजींनी आकडा खोडला, ज्योतिबाच्या नावापुढे मांडला आणि खोडलेल्या आकड्याशेजारी आपली आद्याक्षरे घातली. कर्णधारांनी सह्या केल्या. पायऱ्यांवरून कोणी म्हणाले, ‘‘चार नाही, दोनच घातले. कंजूष सासरा.’’ या वेळी हसणारे अधिक होते.

मैदान रिकामे होत असता श्रीधरराव अवघडून आले. ‘‘पुढच्या स्पर्धेला कोणी दुसरा टेबलावर बसवू म्हणतो. तुम्हालाही विसावा.’’

‘‘बरं,’’ खंडोजी म्हणाले.

ज्योतिबा जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. ‘‘मामा, असली नोकरी मला नको वाटायलीय. जन्मभर लोक टोचतील.’’

‘‘मी तुला काय दिलं रे? तू टाकलेला चेंडू तुझ्या नावावर लिहिला. टोचतील ते मला टोचतील. आमच्या घरी जा, कावेरीची आई वाट बघत असेल.’’

फाटकाबाहेर शिवाप्पा पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. त्याला बघून खंडोजींची पावले अडखळली. आपल्या एका रेघेने या पोराच्या तोंडचा घास क्षणभर दिला आणि हिरावला, याची त्यांना लाज वाटत होती.

‘‘अण्णा,’’ शिवाप्पा खाली बघत म्हणाला, ‘‘चेंडू मला शिवलाच नव्हता बगा.’’

‘‘मग तिथं बोलला का नाहीस?’’

‘‘तोंडच उघडंना. आईला पत्र घातलंतो, नोकरी लागतीय म्हणून.’’ तो थांबला. ‘‘आता जाऊन सांगू का सगळ्यास्नी? थोडी माणसं हायत अजून.’’

खंडोजींनी मागे पाहिले. श्रीधरराव दिव्याखाली अजून कोणाशी तरी बोलत उभे होते. या पोराचे एक वाक्य पुरले असते. गेलेले नाव परत घरी आले असते. पण ते वाक्य ज्याला बोलावे लागले असते, त्याच्याजवळ आज दुसरे काही उरले नव्हते. तेव्हाच का नाही सांगितलेस, असे लोक त्यालाच टोचणार. निदान मान वर करून गावात शिरण्याची सोय तरी उरावी.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘पुढं कुठं खेळायला गेलास की तेवढं लगेच बोलत जा. आणि आईला सांग, पोरगं चांगलं खेळलं.’’

शिवाप्पा पाया पडायला वाकला. खंडोजींनी त्याच्या घामेजल्या केसांवर तळहात ठेवला आणि त्याच्याच आईच्या कानडी भाषेत हळूच म्हणाले, ‘‘ओळ्ळेदागली, मगा. बरं होऊ दे तुझं.’’