कुणाच्या हातचा सिगार

नवऱ्याचा कोट तिने खिडकीशी उलटा धरला आणि अस्तराच्या उसवलेल्या शिवणीतून दोन बोटं आत घातली. चार सिगार निघाले, वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट गुंडाळलेले.

ते तिने टेबलावर ओळीने मांडले. नवरा आत आंघोळ करत होता आणि बेसूर गात होता. इतकं निवांत गाणं ऐकून तिचं डोकं आणखीच तापलं.

कारखान्यात प्रत्येकाला रोज सुटताना दोन सिगार घरी न्यायला मिळत. ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची. दोनाच्या वर एक जरी फाटकावर सापडला तरी नोकरी जाई. तिचे दोन तिच्या थोरल्या भावाकडे जात. नवऱ्याच्या दोनांपैकी एक तो जेवणानंतर पायरीवर बसून ओढी आणि दुसरा शेजारच्या न्हाव्याला देई. बावीस वर्षं हेच चाललं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याने एकदम ओढणं सोडलं. "कफ होतो," म्हणाला. तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. पण कफ झालेल्या माणसाचे सिगार जातात कुठे? न्हाव्यालाही मिळत नव्हते. त्याने तसे दोनदा टोमणे मारले होते. कारखान्यात कुणी आपल्या वाटचे सिगार एखादीला देऊ लागला, की बायका दुसऱ्या दिवशी लग्नाची तारीख विचारत. ह्याचं तर लग्न झालेलं होतं, आणि तेही तिच्याशी.

तिने एक सिगार उचलून उजेडात फिरवला. कारखान्यात तिला पारखी म्हणत. साठ टेबलांवर साठ जण सिगार वळत, आणि कुठलाही हातात दिला की कोणत्या टेबलाचा ते ती सांगे. खूण टोकाला सापडते. सिगार वळून झाला की पानाचा एक गोल तुकडा खळ लावून त्याच्या डोक्यावर बसवतात. त्याला टोपी म्हणतात. ती कुणाची घट्ट बसते, कुणाची उजवीकडे झुकते, कुणाची खळ बाहेर येते.

हा हात तिला ओळखता आला नाही. टोपी कललेली, पान सैल, मधे सुरकुती. म्हणजे शिकाऊ हात. आणि शिकाऊ एकच होती, खिडकीजवळच्या टेबलावरची नवी.

वीस-बावीस वर्षांची, हसताना तोंडावर हात घेणारी. नवरा कारखान्यात माल निवडणारा होता. वेगळ्या खोलीत बसून तो सगळ्यांच्या सिगारच्या जुड्या तपासायचा. गेल्याच आठवड्यात ही पोरगी त्या खोलीच्या दारात उभी होती आणि नवऱ्याने तिच्याकडून काहीतरी घेऊन चटकन खिशात टाकलं. पारखीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. स्वतःच्या त्या भोळेपणाची तिला आता चीड आली.

तीन सिगार तिने परत अस्तरात सरकवले. चौथा एप्रनच्या खिशात गेला.

"कोट कुठंय?" नवरा केस पुसत आला.

"खिडकीत. झटकून ठेवलाय. अस्तर उसवलंय, शिवू का?"

टॉवेल क्षणभर थांबला. "नको. असू दे तसंच."

चोराच्या मनात चांदणं, असं मनात म्हणत तिने चहा गाळला. त्याचा कप तिने जरा जोरातच आपटला.

कारखान्यात वाचणारे काका उंच खुर्चीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवत. त्या आठवड्यात सिगार ओढण्याचा इतिहास चालला होता. दूरच्या बेटांवर खलाशांनी पानांची पेटती सुरळी ओढणारी माणसं पहिल्यांदा पाहिली. त्यांतला एक खलाशी ती सवय घेऊन घरी परतला, आणि त्याच्या नाकातोंडातून धूर निघताना पाहून गावाने त्याला सैतान ठरवून कोठडीत टाकलं, अशी दंतकथा काकांनी रंगवून वाचली.

"पण गावाला कळलं कसं?" कुणीतरी विचारलं.

"बायकोने सांगितलं असणार," मुकादम म्हणाला आणि सगळे हसले.

पारखी हसली नाही. बरं केलं तिने, असं तिला वाटलं. तिने सुरी फिरवून पान कापलं. दिवसात पाच सिगार खराब निघाले की मुकादम चिठ्ठी देई. तीन चिठ्ठ्या झाल्या की टेबल जाई. तिला आजवर एकही चिठ्ठी मिळाली नव्हती.

मधल्या सुट्टीत ती नवीच्या टेबलाशी गेली आणि न विचारता तिच्या फळीवरचा एक सिगार उचलला. टोपी लहान, घट्ट, सुबक. पोरगी चांगलं शिकली होती. पारखीने खिशातला सिगार काढून त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही एका हातचे नव्हते, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"हा कुणाचा?" तिने आवाज मुद्दाम मऊ ठेवला.

नवीने सिगार पाहिला, मग पारखीला. तिचा हात तोंडाशी गेला, पण ती हसत नव्हती.

"तुम्हाला कुठे सापडला, काकू?"

"ह्यांच्या कोटात. तू ह्यांना काय देतेस ते सांग आधी."

"सोमवारी एक देते. माझ्या वाटचा." नवीने मान खाली घातली. "बुधवारी वाचणारे काका देतात. तुमच्या ह्यांचे स्वतःचे दोन पुरत नाहीत आता."

"कशाला पुरत नाहीत?"

"तुमच्या जुडीत घालायला. त्यातले खराब निघालेले काढून घेतात ना ते, मुकादमाला दिसू नयेत म्हणून." मग ती अगदी हळू म्हणाली, "काकू, हा तुमचाच आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

पारखी आपल्या टेबलाशी परतली. तिने एक सिगार वळला, टोपी लावली आणि लोकांच्या टोप्या बघायची तशी ती बघितली. इतक्या वर्षांत हे तिने कधी केलंच नव्हतं. आपला हात आपल्याला ठाऊकच असतो. डावा अंगठा पान धरून ठेवत नव्हता. टोपी कलली, मधे सुरकुती पडली. पोरीवर घेतलेल्या संशयाची तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. टेबल गेलं तर ती पारखी कसली? आणि फाटकावर कुणी ते अस्तर चाचपलं तर?

संध्याकाळी जेवण झाल्यावर ती नवऱ्याशेजारी पायरीवर बसली आणि सकाळचा सिगार तिने त्याच्या हातात दिला. त्याने तो पाहिला आणि परत तिच्यापुढे धरला.

"मला कफ होतो," तो म्हणाला.

"होऊ दे. ओढा."

त्याने टोक कापलं. तिने काडी पेटवून धरली. आत तंबाखू कुठे गच्च, कुठे पोकळ बसला होता. गाल आत जाईपर्यंत ओढलं तेव्हा कुठे जरासा धूर आला.

"कसाय?"

"छान आहे."

"खोटं बोलू नका."

"बरा आहे."

"उद्या मी मुकादमाला सांगणार आहे, मला पानांच्या शिरा काढायच्या खोलीत बसवा म्हणून. ते काम उजव्या हाताने जमतं. तुम्ही आता कोटात काही ठेवायचं नाही."

सिगार विझला.

"काडी दे," तो म्हणाला.

तिने दुसरी पेटवली. तीही पुरली नाही. अर्ध्यापर्यंत पोचायला नऊ काड्या लागल्या, आणि उरलेला अर्धाही त्याने टाकला नाही.