फुलीची बाजू

"फुली मारलेला भाग टाकायचा, आणि करवतीने रेघ खायची नाही."

सुतार असलेल्या माझ्या वडिलांचं हे वाक्य रोज सकाळी कानात घुमतं. देवापुढे दिवा लावून झाला की ओल्या दगडावर एका पटाशीला धार लावायची, हा माझा नेम. मग शाळा.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी दोन दिवस रजेवर होते. नववीचा सुतारकामाचा तास गणिताच्या सरांनी सांभाळला. गुरुवारी परतले, तर सर कार्यशाळेच्या दारातच उभे. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, आठही टोकं कापून तयार आहेत. तुम्ही फक्त जोडा."

मुलं एक बाक बनवत होती. पायांतल्या खाचा माझ्यासमोर पाडून झाल्या होत्या. चार आडव्या पट्ट्यांच्या टोकांना कूस, म्हणजे त्या खाचेत शिरणारी जीभ, तेवढी कापायची राहिली होती. शुक्रवारी अकराला शाळेची समिती येणार होती. बाक भार सोसतं का ते बघून ती ठरवणार होती, की ही खोली आमच्याकडे राहील की उत्तरपत्रिकांचं गोदाम होईल.

मी पट्टी उचलून टोक पाहिलं. मधोमध जीभ हवी तिथे मधोमध फट, आणि दोन्हीकडचे, टाकून द्यायचे गाल मात्र जपून ठेवलेले. आठही टोकांना तेच. काप इतके स्वच्छ, की रागवायलाही जीभ उचलेना.

"फुली कुणी मारली?"

"मी," सर म्हणाले. "मधल्या भागावर. गणितात फुली म्हणजे एक्स, जे हवंय ते."

"आणि आम्ही फुलीचं कापून टाकलं," डावरी म्हणाली. डाव्या हाताने करवत चालवते, म्हणून वर्गाने तिला ठेवलेलं नाव. "तुम्हीच शिकवलंय ना, बाई."

"जीभ नाही उरली, दिसलं नाही तुम्हाला?"

"वाटलं, सरांचा नवीन सांधा असेल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "सरांचं उत्तर बरोबर आलं, फक्त लाकूड चुकलं." हसू दाबायच्या नादात अर्ध्या वर्गाला खोकला आला. सर मात्र हसले नाहीत. आता पट्टीएवढं लाकूड शाळेत कुठेच उरलं नव्हतं.

डावरीने पट्टीची फट पायाच्या खाचेसमोर धरली. दोन्हींत बोट घालून पाहिलं.

"बाई, दोन्हीकडे तोंडं उघडीच आहेत. घास वेगळा करून भरवला तर?"

मला ते कळायला एक क्षण लागला. वेगळी जीभ. अर्धी पायात, अर्धी पट्टीत.

"त्याला वीतभर लाकूडही पुरेल," मी म्हणाले. "पण कडक हवं."

सर बाहेर गेले आणि आले ते जुन्या फळ्याची चौकट खांद्यावर घेऊन. काळंभोर, वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड.

मग जे काही सुरू झालं, त्याला तास म्हणवत नाही. रंध्याचा एक हात, लावून बघ, पुन्हा एक हात. ढलप्या घोट्यापर्यंत साचल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली, कुणी हललं नाही. पहिली जीभ बसली तेव्हा पोकळ ठकठक थांबून भरीव 'टप' असा आवाज आला, आणि सगळा वर्ग त्या एका पायाभोवती वाकला.

"हे बाक टिकलं ना," सर डिंकाची बरणी ढवळत म्हणाले, "तर एक कूस मी स्वतः कापीन. तुमच्या फुलीने."

"लिहून द्या, सर," डावरी म्हणाली.

शुक्रवारी समितीतले सगळ्यांत भारदस्त गृहस्थ बाकावर बसले. शेजारी दोघांना बसवलं. मग मुद्दाम पुढेमागे झुलले. मी मनात नामस्मरण धरलं होतं; सरांनी माझ्या बाजूचं कपाट धरलं होतं.

बाकाने हूं की चूं केलं नाही.

गृहस्थांनी सांध्यातल्या काळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. "ही नक्षी का?"

"नाही, चूक आहे," डावरी म्हणाली. "तिच्यावरच बसलाय तुम्ही."

ते इतके हसले, की बाकाची आणखी एक परीक्षा झाली. उठताना मोठ्या बाईंना म्हणाले, "उत्तरपत्रिकांना दुसरी जागा बघा."

मुलं व्हरांड्यातून जी पळत सुटली, त्यांचा कल्ला फाटकापर्यंत ऐकू येत होता. शाळा सुटली. मी हत्यारं खुंट्यांना लावत होते, तेवढ्यात सर आले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं, टाकाऊ लाकडातून एक तुकडा निवडला आणि त्यावर दोन रेघा ओढल्या. पेन्सिल मधल्या भागावर थबकली. मग त्यांनी दोन्ही कडांना एकेक फुली मारली.

मी पाहिलं नाहीसं दाखवलं. एक करवत तेवढी खुंटीला न लावता टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलली आणि रेघेच्या बाहेर, फुलीच्या बाजूला, अलगद टेकवली.