राखाडी रंगाचा पहिला हात

रंग देण्याआधी मॉडेल धुवायचं, हा फुसफुसचा नियम होता. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश. एकोणीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता, आणि ज्याने मोडला त्याला सुखाने जगू दिलं नव्हतं. आज मात्र दादाने बांधलेली शेवटची बोट तिने खोक्यातून काढली आणि तशीच, न धुता, फिरत्या पाटावर ठेवली.

कारण आज तिला डाग हवा होता.

ॲक्रिलिक रंग पाण्यातला. प्लास्टिकला कुणाचं तेलकट बोट लागलेलं असलं की तो तिथे बसत नाही, अंग चोरतो. आधी काही दिसत नाही. राखाडी प्रायमरचा, म्हणजे अस्तराच्या रंगाचा, पहिला पातळ हात दिला की मग बोटाची एकेक रेघ वर येते, चोर पकडून द्यावा तशी. दादाच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी कटरने झालेली तिरकी खूण होती. त्यामुळे त्याचा डाग शंभरांत ओळखू यायचा, आणि कितीही धुतलं तरी तो जवळजवळ प्रत्येक मॉडेलवर कुठेतरी उरायचाच.

फुसफुस हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिने रंग फवारणारा एअरब्रश हातात घेतला त्या दिवशी दादाने ते तिला चिकटवलं, आणि दादाने चिकटवलेलं सहसा सुटत नसे. भावंडांचं काम वाटलेलं होतं. त्याने जोडायचं, तिने रंगवायचं. जहाजं, इंजिनं, विमानं. लोकांना हवं ते. दोघांची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. तिच्या टेबलावर स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा बसवलेली पेटी, खाली धापा टाकणारा कॉम्प्रेसर. त्याच्या टेबलावर कानशी, चिमटे आणि पसारा. तिने पहिला हात दिला की तो स्टूल वळवायचा आणि विचारायचा, "काय फुसफुसबाई, कसा बसलाय?"

आणि ती काहीतरी खोट काढायची. सांध्यात भेग दिसतेय, इथे कानस जास्त लागली, आणि हा बघ तुझा अंगठा. एकोणीस वर्षांत "छान बसलाय" असं तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. छान बसलेलं दिसत होतं की, ते वेगळं कशाला सांगायचं, असा तिचा हिशेब. काही माणसांना कौतुक करताना जीभ जड होते. ही त्यातली मुकुटमणी.

दादा हातमोजे घालायचा नाही. सांधा नीट जुळलाय की नाही ते डोळ्याला कळत नाही, अंगठ्यालाच कळतं, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं. पण एकदा मालगाडीच्या इंजिनाचं काम पाहायला गिऱ्हाईक आलेलं असताना ऐन बॉयलरवर दादाचा अंगठा उमटला. धुताना तेवढी जागा तिच्याच हातून राहिली होती. आपली चूक झाकायला माणूस काय वाटेल ते बोलतो. गिऱ्हाईकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "एवढा घोडा झाला, तरी हात धुवायची अक्कल नाही याला. याच्यापायी माझं काम मातीत जातं."

गिऱ्हाईक हसलं. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "बरं बाई," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली हत्यारं घरी नेली. एका निवृत्त कप्तानाने आपल्या टग-बोटीचं मॉडेल सांगितलं होतं. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणणारी बुटकी, रुंद बोट. ते काम घरीच करतो, असं त्याने कळवलं. फुसफुसला वाटलं, रुसलाय. रुसू दे. थोरल्याने एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण? येईल आपणहून. सात महिने तिने फोन उचलला आणि ठेवला, उचलला आणि ठेवला. मग एका सकाळी बाजारातून येताना दादा जिन्यात टेकला, पिशवी नीट बाजूला ठेवली, आणि उठलाच नाही.

आज वहिनी ती बोट घेऊन आल्या होत्या. "जोडून पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "तेवढी रंगवून कप्तानांना दे." त्या निघायला लागल्या तेव्हा फुसफुसने त्यांचा हात धरला. "थांबा वहिनी. मला तुम्हाला एक गोष्ट दाखवायचीय. पाऊण तास लागेल." काय, ते तिने सांगितलं नाही. दादाचा अंगठा अजून आहे आणि आपण दोघी तो बघणार आहोत, हे एखाद्या बाईला चहा देताना कसं सांगायचं?

तिने स्वतः हातमोजे चढवले, आपल्या बोटांची भेसळ नको म्हणून. प्रायमर दुधाइतका पातळ केला. पुठ्ठ्यावर एक फवारा मारून पाहिला. मग वीतभर अंतरावरून, नुसतं धुकं पडावं इतका हलका हात फिरवायला लागली. डावीकडून उजवीकडे, बोटीच्या पलीकडे जाऊन थांबायचं, परत. एअरब्रशच्या सुईच्या टोकाला रंग वाळायला लागला की पुसून घ्यायचा. हात सवयीने चालत होते. डोळे मात्र नेहमीसारखे दोष शोधत नव्हते, भीक मागत होते.

पुढचं नाक झालं. स्वच्छ. डावी बाजू, उजवी बाजू. स्वच्छ. डेकवर तर तो नक्की रेलला असणार, तिथे अंगठा दाबल्याशिवाय पट्टी बसतच नाही. तिथेही राखाडी रंग सायीसारखा सपाट पसरला. तिने पाट फिरवला, दिवा खाली ओढला. कॅबिनची भिंत, छप्पर, कठडे. एकही रेघ नाही.

आणि मग धुराड्याच्या मागच्या अंगाला रंग आकसला. एक लहानसा गोल, त्यात रेघा.

कॉम्प्रेसर बंद करून तिने भिंग घेतलं. श्वास रंगाला लागू नये म्हणून धरून ठेवला आणि पाहत राहिली. रेघा होत्या, सगळ्या अखंड. तिरकी खूण नव्हती. आणि ठसा अगदी लहान होता, दादाच्या अंगठ्याच्या निम्मा.

"झालं का गं?" वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी तो डाग पाहिला. "अगंबाई! तो माझा असेल. खोक्यात ठेवताना हात लागला. खराब झालं का?"

फुसफुसने मान हलवली आणि ती रडायला लागली. रडता रडताच तिने सगळं सांगितलं. आज मुद्दाम धुतलं नाही, तुम्हाला त्याचा अंगठा दाखवायचा होता, आणि बघा, सबंध बोटीवर तो कुठेच नाही.

वहिनी दादाच्या स्टुलावर बसल्या.

"कसा असेल?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी हातमोज्यांचं खोकं आणलं होतं, दोनशेचं. सातही महिने घालून काम केलं. रबराने हाताला पुरळ यायचं, रात्री मलम लावून झोपायचे. मोज्यातून सांधा कळत नाही म्हणून कापसाचा बोळा फिरवायचे बोटीवर. तंतू अडकला की तिथे परत कानस. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाले, या वेळी फुसफुसला नाव ठेवायला जागा नाही मिळणार."

"माझ्यावर रुसला होता ना तो?"

"रुसले? छे गं. लाजले होते. घरी सारखं तेच, पहिला हात स्वच्छ बसला की ती आपणहून फोन करेल, मग जाईन पुन्हा टेबल मांडायला." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "फोन वाजला की आधी तेच उठायचे."

फुसफुस बोटीकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालून असं काम गेलं नव्हतं. कुठे भेग नाही, कुठे कानशीचा ओरखडा नाही, आणि दादाही कुठे नाही. तिनेच त्याला तिथून पुसून काढलं होतं. तिच्या एका वाक्याने तो पुसला गेला होता, आणि त्याने ते काम नेहमीसारखं मन लावून केलं होतं.

वहिनींनी स्टूल थोडं वळवलं. कुरकुर तीच जुनी आली.

"मग," त्यांनी विचारलं, "कसा बसलाय?"

फुसफुसने मोजे काढले. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"छान बसलाय, वहिनी," ती म्हणाली. "खूप छान बसलाय."