वाटी बुडेपर्यंत

"वाटी पाण्यावर अलगद ठेव. आणि ती बुडेपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस."

हा आवाज बास्सूचा. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण आवाज माझ्या तांब्याच्या अंगात राहिला आहे. लिंबानं घासा, राखेनं घासा, जात नाही.

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे. माझ्या बुडाला बारीक भोक आहे. दुसऱ्या कुठल्या घरात असते तर भंगारात गेले असते. माझा मात्र जन्मच त्या भोकासाठी झाला.

तांबटानं मला ठोकून गोल केलं, तेव्हा गावातली वडीलधारी माणसं माझ्याआधीची वाटी घेऊन आली. ती झिजून कागदासारखी झाली होती. दोघींना शेजारी शेजारी पाण्यावर सोडलं. मी मागे राहिले. तांबटानं सुईनं भोक जरा मोठं केलं, पुन्हा सोडलं. असं करता करता एकदा आम्ही दोघी एकाच क्षणी बुडालो आणि मला काम मिळालं. तिचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या गावाचं पाणी डोंगराच्या पोटातून भुयारी पाटानं येतं. वर रखरखीत खडी आणि खाली अंधारात वाहतं पाणी. जिथे ते उजेडात येतं तिथे एक काळा दगड आहे, दगडाशेजारी कुंड आहे, आणि पुढे खजुराच्या बागा. कुणाच्या बागेला किती पाणी, हे मी ठरवायचे. मला कुंडात ठेवायचं. भोकातून पाणी आत येतं, मी जड होते, बुडते. एक वाटा संपला. पाटाचं तोंड दुसऱ्या बागेकडे वळवायचं.

याचे नियम मी लहानपणीच शिकले. मी तरंगत असताना कुणी बोलायचं नाही. पाण्याबद्दल काही ठरवायचं असलं तर सगळ्या वाटेकऱ्यांनी कुंडाभोवती बसायचं आणि मला सोडायचं. ज्याला मान्य नसेल त्यानं काळ्या दगडावर खड्यानं ठोकायचं. मी बुडेपर्यंत कुणी ठोकलं नाही, तर सगळ्यांचा होकार. आणि ज्याचा वाटा एक दिवस जरी मोजला गेला नाही, त्याचा वाटा मोडला. तो पुन्हा जुळत नाही.

त्या दिवसांत माझा मान मोठा होता. लोक माझी शपथ घेत. नवी नवरी आली की माझ्यातलं घोटभर पाणी पिऊन मगच घरात जाई. आणि मला सांभाळणारा पाटकरी होता बास्सू. त्याचे हात थंड असत, पाण्यात राहून राहून.

एका वर्षी पाट मातीनं भरला. पाणी करंगळीएवढं झालं. बास्सू कुदळ घेऊन भुयारात उतरायला निघाला. जाताना त्यानं मला बायकोच्या, ईझ्झाच्या हातात दिलं. तेव्हाचेच ते शब्द, जे मी सुरुवातीला सांगितले. आणि वर एवढंच म्हणाला, "मी वर येईपर्यंत माझा वाटा तू बघ."

"बघते," ईझ्झा म्हणाली.

वर दोर धरायला त्याचा मित्र हम्मू होता. दुपारी खाली छत कोसळलं. हम्मूनं जिवाच्या आकांतानं दोर ओढला. हाताची सालपटं निघाली, पण वर आला तो नुसता दोर. माती इतकी होती की बास्सूला बाहेर काढणं कुणाला जमलं नाही. पाणी मात्र स्वतःची वाट शोधून दुसऱ्या दिवशी झिरपत आलं. सगळ्यांनी ते पाहिलं, पण आनंद कुणी केला नाही.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ईझ्झा कुंडाशी आली. बिस्मिल्ला म्हणून तिनं मला पाण्यावर ठेवलं आणि ओठ मिटून बसली. तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. खालून, पाण्यातून, माझ्या बुडाला लागलं.

ठक.

जरा वेळानं पुन्हा. ठक. कुदळ मातीत बसते तसं. ईझ्झानं माझ्याकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं.

मग डिझेलचे पंप आले. ज्याची त्याची बोअर, ज्याचं त्याचं पाणी. पाटाचं पाणी आटत गेलं, वाटे मोडत गेले. मला ईझ्झाच्या दारामागे खिळ्याला टांगलं. गांधीलमाशीनं माझ्यात मातीचं घर केलं. पण रोज दुपारी नमाज झाला की ईझ्झा ते घर हळूच काढून उंबऱ्यावर ठेवायची, मला घेऊन निघायची आणि परतल्यावर ते पुन्हा माझ्यात ठेवायची. आजारात, वाऱ्यात, रमजानच्या उपासात. बास्सूच्या वाट्याचं पाणी त्याच्या एका खजुराला जायचं. खालून ठक व्हायचं. मी बुडायचे. ती उठायची.

गाव म्हणायचं, म्हातारीला भास होतात. सगळ्यांत मोठ्यानं हम्मू म्हणायचा. छत कोसळलं त्या दिवसानंतर तो कुंडाच्या जवळ कधी आला नाही. लांब उभा राहून दोन्ही हात खिशात घालायचा आणि ओरडायचा, "वहिनी, दगड खचतात ते! दगडांशी संसार मांडलास काय?"

"तू गप्प राहिलास तर तुलाही ऐकू येईल," ईझ्झा म्हणायची.

"म्हणूनच तर बोलतो!" हम्मू हसायचा. हसून झाल्यावर त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते पाण्यातल्या सावलीत मला दिसायचं.

अशात एका गुरुवारी ईझ्झाच्या भावाची नात तुदा शहरातून आली. ती विद्यापीठात शिकते. राजधानीत, रबातला एक परिषद भरणार होती, गावच्या लोकांबरोबर बसून केलेल्या संशोधनाची. तुदानं आमच्या पाण्यावर बोलायचं ठरवलं होतं आणि तसा प्रस्ताव लिहून आणला होता. परिषदेची अट अशी, की गावाची संमती हवी. आणि मुदत त्याच दिवशी सूर्य बुडेपर्यंत.

पाण्याचा मुखिया अद्दी म्हणाला, "संमती हवी तर रीतीनं घे. वाटी आणा."

किती वर्षांनी माझ्याभोवती इतकी माणसं बसली! पुदिन्याचा चहा फिरला. हम्मू नेहमीसारखा लांब उभा.

"पूर्वी हिच्यावर पाणी ठरायचं," तो म्हणाला, "आता भाषण ठरतंय. उद्या बकऱ्याही हिलाच विचारून चरतील."

"हम्मू, वाटी ठेवतोय," अद्दी म्हणाला. सगळे गप्प झाले.

मी तरंगले. पाणी आत येऊ लागलं. तुदाची नजर एकदा माझ्यावर, एकदा सूर्यावर. मी काठापर्यंत भरत आले होते. आता बुडणार, एवढ्यात

ठक.

दगडावर वाजलं, स्पष्ट. सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. कुणाच्या हातात खडा नव्हता. अद्दीनं मला उचलून घेतलं.

"कोणी ठोकलं?"

"माझ्याकडे बघू नका हं," हम्मूचा आवाज चिरकला. "माझे हात खिशात आहेत."

"खालचा दगड खचला असेल," तुदा काकुळतीला आली. "अद्दीआजोबा, वेळ नाही हो! सूर्य बघा कुठे आलाय."

"पोरी, ठोक पडला की थांबायचं. ज्यानं ठोकलं त्याचं ऐकायचं, मग पुढे."

"पण ठोकणारा कुठे आहे?"

"तो यायचा नाही," ईझ्झा हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या वतीनं मी विचारते. तुदा, काय लिहिलंयस ते वाच बरं."

तुदानं वाचलं. चांगलं लिहिलं होतं तिनं. कुंडाबद्दल, माझ्याबद्दल, न बोलण्याच्या नियमाबद्दल. आणि शेवटी, 'गावाच्या शेवटच्या पाटकऱ्याचा भुयारात मृत्यू झाला आणि त्याच्याबरोबर ही पाणीवाटपाची रीत संपली. ही माहिती एका वृद्ध महिलेकडून मिळाली.'

ईझ्झानं पदरानं माझं बूड पुसलं.

"संपली? मग मी रोज दुपारी इथे काय करते गं?"

तुदा गोंधळली. "आजी, मला वाटलं... मला वाटलं ते तुझं दुःख आहे."

"दुःख घरी बसून करता येतं, बाळ. हा त्याचा वाटा आहे. एक दिवसही मोडलेला नाही. तू तो कागदावर मोडलास."

मित्रांनो, ईझ्झाला संतापलेली मी कधी पाहिली नाही. त्या दिवशीही ती संतापली नाही. पण मला घट्ट धरून होती. तिच्यामागे हा वाटा कोण बघणार, याची तिला रोज काळजी असे. आणि आज तिच्या देखतच, तिच्याच नातीच्या हातून, तो संपलेला म्हणून रबातला निघाला होता.

तुदानं त्या शेवटच्या ओळी खोडल्या. लिहिताना ती मोठ्यानं वाचत होती, "बास्सूचा वाटा आजही मोजला जातो. तो त्याची पत्नी ईझ्झा मोजते. परिषदेत आधी ती बोलेल, तिच्यानंतर मी." वर पाहून म्हणाली, "येशील ना, आजी? वाटीही नेऊ आपण."

"वाटी येणार नाही. तिला काम आहे," ईझ्झा म्हणाली. "आणि मलाही. मी रबातला गेले तर त्या दिवशी वाटा मोडेल."

सूर्य खजुरांच्या शेंड्यांना टेकला होता. तुदाचे डोळे भरून आले. तिच्याऐवजी वाटा मोजायला कुणी पुढे होईना. ज्या कुंडातून ठोक येतो, तिथे दुपारी एकट्यानं बसायचं होतं.

"मी बघतो," कुणीतरी म्हणालं.

सगळे वळले. हम्मू होता.

"तू?" अद्दी म्हणाला. "वाटी बुडेपर्यंत तू गप्प बसशील? अरे, झोपेतसुद्धा बडबडतोस म्हणे!"

लोक हसले. हम्मू हसला नाही. "वहिनी, तू जा. तुला शब्द दिला."

अद्दीनं मला पुन्हा पाण्यावर ठेवलं. मी ऐकत राहिले. खाली कुदळ थांबली होती. कुणीतरी कान देऊन उभं असावं, तशी ती शांतता होती. मी भरले, जड झाले आणि बुडाले. तुदा फोन घेऊन टेकडीकडे धावली, कारण रेंज तिथेच येते. वरून तिनं हात हलवला तेव्हा सूर्याची कड तेवढी उरली होती.

परिषदेचा होकार आला. आज त्या दोघी रबातला गेल्या आहेत. ईझ्झानं निघताना मला लिंबानं घासलं, गांधीलमाशीचं घर पुन्हा माझ्यात ठेवलं, जवाची भाकरी फडक्यात बांधली आणि माझ्या कानात सांगावं तसं पुटपुटली, "त्याला सांग, मी परत येतेच आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा असं सगळेच सांगतात. मी वेगळं मागते. मला कपाटात ठेवू नका, काचेमागे तर मुळीच ठेवू नका. माझं काम करा. ज्यानं कुणी आपला वाटा तुमच्या भरवशावर सोडला असेल, तो एक दिवसही मोडू देऊ नका. आणि कुणाबद्दल 'संपलं' असं लिहिण्याआधी, जरा वेळ न बोलता बसून ऐका.

दुपारचा नमाज झाला आहे. दार वाजलं. हम्मू आत आला. तो एकटा आहे, आणि एक शब्द बोललेला नाही. त्यानं खिशातून दोन्ही हात बाहेर काढले. दोराचे जुने व्रण तळव्यांवर आडवे पसरले आहेत. त्या हातांनी त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं, गांधीलमाशीचं घर हळूच काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि कुंडाची वाट धरली.